कोपराच्या वर गेलेली बांगडी

आमच्या गावात जन्मलेलं पोर राहणार की जाणार, हे ठरवायचा अधिकार तिघींकडं होता. पाचवीला कपाळावर लिहून जाणारी सटवाई, साथीच्या दिवसांत वेशीबाहेर बसणारी मरीआई, आणि बांगड्या विकणारी चाची. पहिल्या दोघींना नारळ, लिंबू, नैवेद्य असं काहीबाही देऊन वळवता यायचं. चाची काहीच घ्यायची नाही, त्यामुळं गाव तिला जास्त भ्यायचं.

ती कुणाचीच सख्खी चाची नव्हती. नवरा लवकर गेलेला, घरात दुसरं कुणी नाही. भूमच्या आठवडी बाजारातून बांगड्या भरायच्या आणि आसपासच्या आठ-दहा गावांत हिंडून विकायच्या, एवढाच तिचा संसार. पण यायची ती ऐन दुपारी. बाप्ये-बाया रानात, म्हाताऱ्या ओसरीवर पेंगलेल्या, कुत्री नालीच्या ओलाव्यात पोट टेकून पडलेली, चालणाऱ्याची सावली त्याच्याच पायाखाली गोळा झालेली. अशा वेळी सहज दाराकडं बघावं तर उंबऱ्याबाहेर चाची उभी. कधी आली, कुठून आली, कुणी पाहिलेलं नसायचं. डोक्यावर बांगड्यांची ही एवढी पाटी, आणि आवाज नाही. काच कितीही जपून नेली तरी किणकिणतेच; पण चाचीच्या पाटीतल्या बांगड्या तिच्या धाकानं गप्प बसतात, असं आम्हा पोरांचं ठाम मत होतं. लहान पोरांची हाडं दळून ती बांगड्यांना चकाकी आणते, ही बातमी माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं आणली होती. पुरावा मागितला तेव्हा तिनं विचारलं, "मग पांढऱ्या बांगड्या कशाच्या असत्यात?" त्या दिवसापासून आम्ही पांढऱ्या बांगडीला हात लावणं सोडलं.

आज मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. पोराला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणी उकळून द्या, पाण्याचा हौद झाकून ठेवा, औषधं-रसायनं उंच फळीवर ठेवा, असं गावोगाव सांगत फिरते. सांगताना आमचं लहानपण आठवतं आणि जीभ थोडी अडखळते. आम्ही बैलांच्या हौदातलं पाणी बैलांच्या शेजारी तोंड लावून प्यायचो. पाटीवरची पेन्सिल लिहिण्यापेक्षा खाण्यात जास्त संपायची. ती संपली की भिंतीचे पोपडे होतेच. आया खुरपायला जाताना तान्ह्या पोराच्या गुटीत अफूचा कण उगाळायच्या, म्हणजे पोर बांधावरच्या झोळीत संध्याकाळपर्यंत हूं की चूं करायचं नाही. पोहायला शिकवायची पद्धत म्हणजे पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलायचं आणि वरून वाकून बघायचं. जखमेवर चुना, पोटदुखीला बिब्बा, तापाला घोंगडी. उसाच्या गाडीमागं लोंबकळणं हा तर आमचा मुख्य खेळ. आणि हे सगळं करताना कुणी आमच्यावर लक्ष ठेवून नसे. एक चाची सोडून.

एकदा आम्ही पाच जणांनी शाळेमागं मोगली एरंडाच्या बिया फोडून खाल्ल्या. चवीला शेंगदाण्यासारख्या, त्यामुळं पोटभर खाल्ल्या. घटकाभरात पोटात ढवळायला लागलं आणि आम्ही भिंतीकडेला ओळीनं बसलो. मान वर केली तर समोर चाची. पाटी खाली उतरवून ती आमच्याकडं बघत उकिडवी बसलेली. "आता ही," म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं आणि मी ओकले. "आता ह्यो," आणि माझ्या शेजारचा. बोट वळेल तसं पोर वळत होतं. पाचवा मुलगा मात्र टुणटुणीत होता, आम्हाला हसत होता. त्याच्याकडं तिनं बोट केलं नाही. नुसतं बघत राहिली आणि मग उठून त्याच्या बापाला रानातून बोलावून घेतलं. "गाडी जुंप. ह्याला दवाखान्यात घाल. आत्ताच." बाप म्हणाला, "चाची, ह्यो तर हसतोय की!" ती म्हणाली, "म्हून तर." तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला तीन दिवस सलाईन लावून ठेवलं. वाटेतच त्याचे डोळे फिरले होते म्हणे.

नवं पोर जन्मलं की बारशाच्या आधी चाची येऊन जायची. बाळंतिणीच्या खोलीत कुणाला येऊ देत नसत, पण तिला अडवायची हिंमत कुणाची? ती पोराच्या तोंडापाशी कान न्यायची आणि हळूच विचारायची, "क्या रे, बसायचं का उठायचं?" म्हणजे राहायचं की जायचं. मग उत्तराची वाट बघायची. तेवढा वेळ घरातल्यांनी श्वास रोखायचा. एका हौशी बापानं एकदा विचारलं, "काय म्हणालं हो चाची?" तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढचे दोन दिवस स्वतःच नीट जेवला नाही.

तिच्या पाटीत तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, लाखेची एक काळी बांगडी असायची. ती विकायची नव्हती. रांगतं-चालतं पोर दिसलं की चाची त्याचा हात धरायची, ती बांगडी त्याच्या मनगटात घालायची आणि वर सरकवायची. कोपराच्या अलीकडं अडली की पोराच्या टाळूवर टपली मारून सोडून द्यायची. कोपराच्या वर गेली, तर आईकडं बघायची. बोलायची नाही. आयांना ते बघणं पुरायचं. त्या दिवशी त्या घरात पोराच्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्त पडायची.

माझा भाऊ दोन वर्षांचा असताना त्याला गोवर झाला, आणि गोवर उतरला तो हगवण देऊन. उन्हाळ्याचे दिवस. वडील शाळेत शिपाई होते, शाळेला सुट्टी लागली म्हणून ते भावाला घेऊन दोनदा दवाखान्यात जाऊन आले. औषध दिलेलं पोटात ठरेना. त्याचे केस तांबूस झाले, पोट पुढं आलं, हातपाय काटक्यांसारखे. रडणंसुद्धा थांबलं. आईनं त्याला पाळण्यातून काढून खाली पटकुरावर ठेवलं होतं. खाली का ठेवलं, असं मी विचारलं तेव्हा आई पदरानं त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत राहिली. शेजारणी येऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि पदर तोंडाला लावून परत जायच्या.

दुपारी बारा-साडेबाराला खोलीतला उजेड कमी झाला म्हणून मी मागं बघितलं. दारात चाची होती. आत आली, बसली, भावाच्या मनगटात काळी बांगडी घातली. ती कोपराशी अडली नाही. दंडावर अडली नाही. सरकत सरकत काखेपर्यंत गेली आणि तिथं सैल लोंबत राहिली.

मग चाची म्हणाली, "हे पोर मला इक."

आई म्हणाली, "चाची, काय बोलताय तुमी?"

"तुझ्या घरात ह्याची वळख पटलीय त्याला. माझ्या घरात हुडकंपर्यंत चार दिस जात्याल." 'त्याला' म्हणजे कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. कंबरेच्या चंचीतून मूठभर मीठ काढून तिनं आईच्या पदराच्या ओट्यात टाकलं. "हे मोल. आता चाळीस दिस इकडं बघायचं न्हाय, हाक मारायची न्हाय. कुणी इचारलं तर इकलं म्हणून सांग."

आईनं वडिलांकडं पाहिलं. वडील भिंतीकडं बघत होते. आईनं ओटा घट्ट धरला, त्यातलं मीठ सांडू नये म्हणून, आणि मान हलवली. चाचीनं भावाला पाटीत, बांगड्यांवर फडकं अंथरून झोपवलं, पाटी डोक्यावर घेतली आणि उन्हात निघून गेली. मी दारात उभी राहून ऐकत होते. एकसुद्धा बांगडी वाजली नाही.

पहिले आठ दिवस मी दम धरला. नवव्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागला तशी मी ओढ्याकडं पळाले. चाचीचं घर ओढ्यापलीकडं, वस्तीपासून तुटलेलं. कुडाच्या भिंती, पुढं अंगण आणि अंगणात एक म्हातारी बाभूळ. मी कुंपणाच्या फटीतून बघितलं. बाभळीखाली शेळी उभी होती आणि तिच्या पोटाखाली माझा भाऊ उताणा पडून थेट सडाला तोंड लावून दूध पीत होता. शेळी शहाण्या बाईसारखी मागचा पाय उचलून धरून उभी होती. मला हसूच आलं असतं. पण तेवढ्यात किणकिण ऐकू आली.

पानसुद्धा हलत नव्हतं. मी वर बघितलं. बाभळीच्या काट्याकाट्यावर बांगड्या होत्या. लहान, अगदी लहान. हिरव्या, लाल, पिवळ्या, काही उन्हानं रंग उडालेल्या. वारा नसताना त्या हळूहळू एकमेकींना लागत होत्या. चाची झाडाखाली उभी राहून वर बघत कुणाशी तरी बोलत होती, एखादी बाई दुसऱ्या बाईच्या हट्टी पोराला समजावते तशी. "ह्यो नक्को. ह्यो माझा इकत घेतलेला हाय. तुमी खेळा तिकडं."

मी मागं वळणार, तर ती माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "आलीस ना, मग आत ये."

माझे पाय आपोआप आत गेले. मी विचारलं, "ह्या कुणाच्या?"

"गेल्याल्या पोरांच्या." तिनं सगळ्यात खालच्या फांदीवरच्या दोन बांगड्यांना बोट लावलं. "ही दोघं माझी. एक हगवणीनं, एक चिमणीच्या राकेलनं. पाणी समजून पिलं." मग हात वर करून एक हिरवी बांगडी दाखवली. "आन ही तुझी अक्का."

मला अक्का होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ते नाव कधीच कुणी काढलं नव्हतं. त्या बांगडीत माझी दोन बोटंसुद्धा मावली नसती. दाराच्या चौकटीला टेकवून ठेवलेली आणखी एक बांगडी मला दिसली, कोरी करकरीत, निळी.

"आन ती?"

"ती तुझ्या भावाची. अजून टांगली न्हाय," चाची म्हणाली, आणि भावाला शेळीखालून ओढून काढून त्याचं तोंड पदरानं पुसलं. "जा आता. उद्या येताना शेंगा आण मूठभर."

मी रोज गेले. घाबरत जायची, पण जायची. चाचीचं औषध म्हणजे नुसतं खायला घालणं होतं. शेंगदाणे आणि गूळ कुटून त्याचा लगदा, हुलग्याचं माडगं, ज्वारीची आंबील, अंड्याचा बलक. एका वेळी शिंपलाभर, पण सावली हातभर सरकली की पुन्हा शिंपलाभर. पोर झोपलेलं असलं तरी उठवून घालायची. पाणी चुलीवर उकळून गार केलेलं. त्याची दुपटी रोज उकळत्या राखेच्या पाण्यात. गावात कुणीच करत नव्हतं ते सगळं ती करत होती, आणि गाव म्हणत होतं की चाची मंतरते.

चाळिसाव्या दिवशी ती दुपारी आमच्या दारात आली तेव्हा भाऊ तिच्या कडेवर होता आणि तिचे केस ओढत होता. तिनं सगळ्यांसमोर त्याच्या हातात काळी बांगडी घातली. ती कोपराखाली अडली आणि भावानं भोकाड पसरलं. तो आवाज ऐकून आईनं दोन्ही हात पुढं केले. वडील त्या वेळी प्रथमच चाचीच्या पाया पडायला वाकले, तर ती दोन पावलं मागं सरकली. "इकल्यालं पोर परत मिळत न्हाय," ती म्हणाली. "सांभाळायला देते. नीट खायला घाला." निळी बांगडी कुठं गेली म्हणून मी कानात विचारलं. ती म्हणाली, "इकली की. खालच्या आळीला, बारशाला. वाया कशाला घालवायची?"

तो भाऊ आता ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं दुसरं माणूस बसू शकत नाही, एवढा आहे. लग्न ठरलं तेव्हा तो पत्रिका घेऊन पहिल्यांदा चाचीकडं गेला. "मालकीण, येणार ना?" असं तिला विचारलं. ती बाई त्याच्या लग्नात मांडवाच्या पार टोकाला बसून फक्त त्याच्या ताटात काय वाढतात ते बघत होती.

अंगणवाडीच्या कामाला लागले त्या वर्षी आम्हाला प्रशिक्षण झालं. बाईंनी एक कागदी पट्टी दाखवली. हिरवा, पिवळा, लाल असे रंग. पोराच्या दंडाभोवती गुंडाळायची आणि कुठल्या रंगावर येते ते बघायचं; लाल आला तर पोर कुपोषित. बाकीच्या जणी लिहून घेत होत्या. मला चाचीची काळी बांगडी दिसत होती. परत येताना थेट चाचीकडं गेले आणि पट्टी तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली, वास घेतला. "कागुद हाय गं," ती म्हणाली. "पावसात काय करशील?"

माता-बैठकांना ती न चुकता यायची आणि सगळ्यात मागं बसायची. बोलायची नाही. तिच्या असण्यानंच बाया सरळ बसायच्या. एकदा लसीकरणाच्या आदल्या दिवशी मी बोलत होते, तर किराणा दुकानवाले आप्पा दारातून म्हणाले, "बाई, आमच्या वेळी कुठं व्हतं हे वजन न् सुया? माती खाल्ली, हिरीत उड्या हाणल्या, बैलाचं पाणी पिलो. मेलो का आमी?" सगळ्या बाया हसल्या. मलाही हसू फुटलं. ते खरंच होतं. सगळ्यांच्या माना मागं वळल्या, कारण जुन्या पद्धतीची बाजू चाचीच घेणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

चाची काठी टेकत उठली. "आप्पा, चल माझ्यासंगं. समद्या चला."

बारा वाजले होते. आम्ही पंचवीस-तीस बाया, काखेत पोरं, आणि टोपी घातलेले आप्पा, असे ओढा ओलांडून गेलो. सगळे बाभळीखाली जाऊन थांबलो. चाची एकेका बांगडीला काठीचं टोक लावत गेली. "गोवर. हगवण. धनुर्वात. हीर. गोवर. अफू जास्ती झाली. हीर. गोवर. गाडीखाली. पिकावरचं औशद." तिचा आवाज बाजारात भाव सांगावा तसा सपाट. काठी टेकेल ती बांगडी वाजत होती, आणि काठी पुढं गेल्यावरही वाजत राहात होती. गर्दीत कुणीतरी दबून रडायला लागलं. काही जणींनी आपल्या पोरांचे हात घट्ट धरले.

आप्पांनी टोपी काढली. "माझ्या घरची बी हायत व्हय, चाची?"

"दोन," ती म्हणाली. "तू तवा पाळण्यात व्हतास. ही तुला झोका द्यायची."

आप्पांनी त्या बांगडीला एक बोट लावलं. दुसऱ्या दिवशी लसीकरणाला ते नातवाला स्वतः घेऊन आले, आणि सुई टोचल्यावर पोरापेक्षा तेच जास्त कळवळले.

दोन वर्षांपूर्वी चाचीला दिसेनासं झालं, तेव्हा तिची भाची येऊन तिला सोलापूरला घेऊन गेली. मी दर महिन्याला वजनं झाली की तिला फोन करते. कुणाकडं कोण जन्मलं, कुणाचं पोर किती भरलं, ते सगळं सांगते. ती मधे मधे "हौ" म्हणते. मागच्या पावसाळ्यात मी असंच सांगत होते. एका घरातल्या मुलीचं वजन मी चांगलं सांगितलं, तर ती म्हणाली, "तिला परत बघ." मी म्हटलं, "चाची, परवाच बघितलीय, हिरव्यात आहे." ती म्हणाली, "बघ म्हणते ना." मी दुसऱ्याच दिवशी गेले. पोरगी आदल्या दिवसापासून हगत होती, आणि घरच्यांनी तिला पटकुरावर खाली ठेवलं होतं. तिला दवाखान्यात पोचवून आल्यावर मी चाचीला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, "मला काय कळतंय? मी आंधळी बाई."

आता ती माणसं ओळखत नाही, असं भाची सांगते. दिवसभर हात पुढं करून हवेत काहीतरी चाचपत असते. पण माझा फोन गेला की भाची तो तिच्या कानाशी धरते आणि मी नावं वाचते. बाहेर अंगणवाडीच्या ओट्यावर उभी राहून, दुपारी, पोरं जेवायला बसलेली असताना. यादी संपली की पलीकडं नुसता श्वास ऐकू येतो. मग ती विचारते, "हायत?"

"हायत, चाची."

"समदी?"

"समदी."

एखाद्या महिन्यात ते खरं नसतं. त्या महिन्यात ती जरा जास्त वेळ थांबते, आणि मला खोटं बोलू देते. "बरं," म्हणते, "जा मग. तू बी जेव."